मराठी ख्रिस्ती प्रार्थनेतील चिंतनसाधना : अभंगरूप आणि 'दार' या प्रतिमेच्या संदर्भात

मराठीतील ख्रिस्ती साहित्याचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः धर्मांतराचा इतिहास, मिशनऱ्यांचे कोश-व्याकरण-मुद्रणकार्य आणि आत्मचरित्रे यांकडे जाते. प्रार्थना हा मात्र श्रद्धेचा खाजगी व्यवहार मानून बाजूला ठेवला जातो. वस्तुतः प्रार्थना ही भाषेत घडणारी कृती आहे. ती कोणत्या लयीत आणि कोणत्या रचनाबंधात केली जाते, यावर प्रार्थना करणाऱ्याची ईश्वराविषयीची आणि शेजाऱ्याविषयीची जाणीव काही अंशी अवलंबून असते. मराठी ख्रिस्ती प्रार्थना मागण्याकडून सहवासाकडे, म्हणजेच चिंतनाकडे, कशी वळली आणि त्या वळणात अभंग या रचनाप्रकाराचे कार्य कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी बुलढाणा जिल्ह्याशी नाते सांगणारी चोखामेळ्याची परंपरा आणि वऱ्हाडातील मिशनकार्य यांचा संदर्भ विशेष उद्बोधक ठरतो.

१. चिंतनप्रार्थनेची संकल्पना

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात, प्रार्थना करताना खोलीत जाऊन दार लावून घ्यावे, असा उपदेश आहे. ख्रिस्ती चिंतनपरंपरेने या दाराचा अर्थ बहुधा अंतर्मुखतेकडे नेला. बाराव्या शतकातील कार्थुसियन मठवासी दुसरा गिगो याने या अंतर्मुखतेच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि दर्शन. शास्त्रवचन प्रथम वाचावयाचे, मग ते मनात घोळवावयाचे. त्यातून उत्कट याचना उमटते आणि अखेरीस शब्द गळून केवळ सान्निध्य उरते. मराठी वाचकाला येथे श्रवण-मनन-निदिध्यासन या उपनिषदीय क्रमाची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र दोहोंतील भेदही ध्यानात ठेवावयास हवा. गिगोच्या क्रमात याचनेला स्वतंत्र पायरी आहे. ख्रिस्ती चिंतनात 'मी' आणि 'तू' यांचा संवाद शेवटपर्यंत पुसला जात नाही. तो निःशब्द होतो, इतकेच. भक्तीच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे अद्वैतापेक्षा सख्याचे आणि दास्याचे नाते अधिक जवळचे आहे.

२. दृश्याचे ध्यान : फादर स्टीफन्स

मराठीत या साधनेची पहिली मोठी खूण 'क्रिस्तपुराणा'त आढळते. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचे हे ओवीबद्ध पुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तिकेत, शुभवर्तमानातील प्रसंग मनश्चक्षूंपुढे आणून साधकाने स्वतः त्या प्रसंगी उपस्थित व्हावे, अशी ध्यानपद्धती सांगितलेली आहे. स्टीफन्स याच शिस्तीत वाढलेले होते. त्यामुळे 'क्रिस्तपुराणा'तील विस्तृत वर्णनांकडे केवळ पुराणशैलीचे अनुकरण म्हणून पाहणे अपुरे ठरते. प्रसंग डोळ्यांपुढे उभा करून श्रोत्याला त्यात रमविणे हे ओवीचे कार्य आणि दृश्याचे ध्यान हे जेझुइटांचे साधन यांचा येथे मेळ बसला, असे म्हणता येईल.

३. अभंगाची वळणे आणि टिळक

एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये भाषांतरित गीते आणि पाश्चात्त्य चाली रूढ होत्या. भाषांतरित गीत साधारणतः एका कडव्याकडून दुसऱ्याकडे विचार पुढे नेते. अभंगाची गती निराळी असते. मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण येतात आणि चौथा चरण चारच अक्षरांत थांबतो. हा आखूड चरण म्हणणाऱ्याला क्षणभर थबकावयास लावतो. गायनात प्रत्येक कडव्यानंतर ध्रुपदाकडे परतावे लागते. म्हणजे मन कितीही दूर गेले तरी त्याच एका वाक्याशी येऊन टेकते. चिंतनसाधनेत मन भरकटले की त्याला न रागावता मूळ शब्दाशी परत आणावयाचे असते. ही शिस्त अभंगाच्या रचनेतच अंगभूत आहे. शेवटी नाममुद्रा येते. तिच्यामुळे अनुभव कितीही उत्कट असला तरी तो अनुभवणारा कोण, हे विसरले जात नाही. म्हणजे स्थैर्य आणि संवाद या ख्रिस्ती चिंतनाच्या दोन्ही गरजा अभंग एकाच वेळी भागवितो.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी हे सामर्थ्य पुरेपूर ओळखले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, ही त्यांची भूमिका सुपरिचित आहे. 'अभंगांजली'तील रचनांमध्ये मागण्यांची यादी क्वचितच आढळते. ख्रिस्ताचा सहवास, त्याच्याशी एकान्तातील बोलणे आणि विरहाची कळ हे तेथील प्रधान विषय आहेत. ख्रिस्ताला माउलीच्या रूपात पाहणे हेही वारकरी परंपरेचेच देणे होय.

या साधनेचे फलित केवळ काव्यात उतरले नाही, हे येथे महत्त्वाचे आहे. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सारेच अनुयायी या बंधुसंघात एकत्र यावेत, अशी त्यांची इच्छा होती. एकान्तात दार लावून केलेल्या चिंतनाने मंडळीचे दार उघडण्याची प्रेरणा दिली, असा हा क्रम लावता येतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्येही या क्रमाचे उदाहरण सापडते. पतीच्या धर्मांतरानंतरही सोवळे-ओवळे पाळणाऱ्या लक्ष्मीबाई एकटीने विचार करता करता, जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नापाशी येतात आणि त्या विचारानंतर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास सिद्ध होतात. त्यांना उपदेशाने जे साधले नव्हते, ते मननाने साधले.

४. वऱ्हाडचा संदर्भ : बंद दाराचा दुसरा अर्थ

आतापर्यंत दार हे साधकाने स्वतः लावून घेतलेले दार होते. परंतु मराठी भक्तिकाव्यात दुसरेही एक बंद दार आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणाराजा हे गाव परंपरेने चोखामेळ्याचे जन्मस्थान मानले जाते. चोखोबांना पंढरपूरच्या मंदिरात प्रवेश नव्हता. त्यांची समाधी महाद्वारापाशी आहे. मंदिरप्रवेशासाठी साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले, यावरून ते दार किती काळ बंद राहिले याची कल्पना येते. चोखोबांच्या अभंगांत विठ्ठलाच्या सान्निध्याचा आनंद आहे आणि आपल्याला दूर का ठेवले, हा प्रश्नही आहे. आनंद लाभला म्हणून तक्रार मावळत नाही आणि तक्रार आहे म्हणून आनंद खोटा ठरत नाही. दार बंद असताना दाराबाहेरच घडलेले हे चिंतन आहे.

याच वऱ्हाडात अकोला, खामगाव या भागांत ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेचे कार्य चालले. तिचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन हे धडाडीचे प्रचारक होते. परंतु निवांतपणाचे सामर्थ्य या विषयावर त्यांनी एक छोटे लेखनही केले. देव अंतःकरणात बोलावयास थांबलेला आहे, केवळ आपण शांत व्हावयास हवे, या विचाराने ते शांत बसले. तेव्हा प्रथम आपल्याच चिंतांचा आणि हाकांचा कल्लोळ कानी आला, असा प्रांजळ अनुभव त्यांनी नोंदविला आहे. याच संस्थेतील पाळक ए. डब्ल्यू. टोझर यांनी १९६३ मध्ये ख्रिस्ती गूढवादी काव्याचे संकलन सिद्ध केले. तेव्हा चिंतनप्रार्थना ही केवळ कॅथलिक मठांची मिरास होय, हा समज या संस्थेपुरता तरी टिकत नाही.

महाराष्ट्राच्या ग्रामीण ख्रिस्ती समाजात महार-मांग जातींतून आलेल्यांचा वाटा मोठा आहे. ज्याच्या पूर्वजांसाठी देवळाचे दार दुसऱ्यांनी लावले होते, त्याला 'दार लावून घे' हा उपदेश कसा ऐकू येईल? त्याच्या दृष्टीने स्वतःच्या खोलीचे दार स्वतः लावता येणे हाच प्रतिष्ठेचा अनुभव ठरू शकतो. उलट, अंतर्मुखतेच्या नावाखाली बाहेरच्या अन्यायाकडे पाठ फिरवावी, असा त्याचा अर्थ कोणी लावला, तर जुनेच दार नव्याने बंद होते. सिम्प्सन यांच्या अंतर्मनातील कल्लोळ हा चिंतेचा होता. चोखोबांच्या परंपरेतील कल्लोळ अपमानाचाही आहे. तो शांत करावयाचा नसून ईश्वरासमोर मांडावयाचा आहे, हे अभंग शिकवितो.

५. श्वास आणि मौन : अलीकडचे वळण

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत जन्मलेले जेझुइट अँथनी डिमेलो (१९३१–१९८७) यांनी चिंतनप्रार्थनेला नवी दिशा दिली. लोणावळा येथील 'साधना' संस्थेतून आणि १९७८ मधील 'साधना' या पुस्तकातून त्यांनी श्वास, शारीरिक संवेदना आणि मौन यांच्या जाणिवेवर आधारित अभ्यास मांडले. विपश्यना आणि योग यांचे संस्कार त्यांत स्पष्ट आहेत. १९९८ मध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धातत्त्वविषयक विभागाने त्यांच्या काही लेखनाबाबत सावधगिरीची सूचना काढली. ईश्वराचे व्यक्तिरूप त्यात धूसर होते, हा त्या आक्षेपाचा एक गाभा होता. हा वाद मराठीच्या अभ्यासकाला परका वाटू नये. सगुण आणि निर्गुण यांतील जुन्याच ताणाचे ते ख्रिस्ती रूप आहे. नामाच्या पुनरुक्तीतून मौनाकडे जाताना संबोधन न सोडणारा अभंग या ताणाला वाङ्मयीन पातळीवर एक उत्तर देतो.

६. समारोप

ओवीने मराठी ख्रिस्ती प्रार्थनेला दृश्य दिले, अभंगाने परतण्याची जागा दिली आणि अलीकडच्या साधनांनी मौनाची जाणीव दिली. यांपैकी अभंगाचे देणे सर्वांत मोलाचे वाटते. कारण त्याने प्रार्थनेला केवळ देशी पेहराव चढविला नाही, तर तिची गती बदलली. मात्र अभंग स्वीकारणे म्हणजे त्याच्या इतिहासाचे दायित्वही स्वीकारणे होय. तुकारामाच्या सेतूवरून येणाऱ्याला चोखोबांच्या पायरीपाशीही थांबावे लागते. ख्रिस्ती भजनांचे अध्यापन करताना चालीची आणि प्रतिमांची नोंद पुरेशी नाही. ते भजन म्हणणारा दाराच्या कोणत्या बाजूस उभा आहे, हा प्रश्न विचारला म्हणजे त्या प्रार्थनेची खरी खोली हाती लागते.