रजा, मर्जी आणि रिकामी खुर्ची

मस्टरवर जो माणूस आला नाही, त्याची चौकट संध्याकाळपर्यंत कोरी ठेवत नाहीत. तिथे लाल शाईने काहीतरी पडतंच. ‘कि. र.’ म्हणजे किरकोळ रजा, ‘अ. र.’ म्हणजे अर्जित रजा, आणि यातलं काहीच नसेल तर ‘गै. ह.’, म्हणजे गैरहजर. तिन्ही दिवशी खुर्ची रिकामीच असते. तरी पहिल्या दोन नोंदींना पगार मिळतो आणि तिसरी लांबत गेली तर नोकरी जाते. एवढा फरक पडतो कशाने, याचं उत्तर ‘रजा’ या शब्दातच दडलेलं आहे. ते उलगडलं तेव्हा मी थक्क झालो.

अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ संमती, राजीखुशी. ‘राजी’ त्याचाच भाऊ. ‘मर्जी’, ‘नाराज’ आणि ‘राजीनामा’ही त्याच कुळातले. म्हणजे रजा ही नुसती सुट्टी नव्हे. कोणीतरी राजी होऊन दिलेली परवानगी. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ नेमकं हेच सांगतात, की रजा हक्क म्हणून मागता येत नाही. राजीनाम्याचा तर शेतीशीही संबंध. खान्देश मुंबई इलाख्यात होता तेव्हा रयतवारीत जमीन सोडणारा शेतकरी राजीनामा लिहून देई आणि नवा घेणारा कबुलायत. ‘बडतर्फ’ मात्र वेगळ्या घरचा: फारसी ‘बर-तरफ’, बाजूला सारलेला. नोकर राजीखुशीने निघत नाही अशा वेळी हा शब्द कागदावर येतो.

आणि तो सहजासहजी येत नाही. संविधानाच्या ३१० व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्याचा नोकर राज्यपालाची मर्जी असेपर्यंत पदावर असतो. इथेच थांबलं तर वाटेल, झालं, मर्जी गेली की नोकरी गेली. पण लगेच पुढे ३११ वा अनुच्छेद उभा आहे. ज्याने नेमलं त्याच्यापेक्षा खालचा अधिकारी नोकराला काढू शकणार नाही. आणि चौकशी करून, आरोप कळवून, बाजू मांडायची वाजवी संधी दिल्याशिवाय कोणालाच काढता येणार नाही. काही मोजके अपवाद सोडले तर ही भिंत पक्की आहे.

पण जो येतच नाही, त्याला कसली संधी द्यायची? जोधपूरच्या मध्यवर्ती तुरुंगातल्या एका हेड वॉर्डरबाबत हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. १९५० मध्ये तो रजेवर गेला, आजारपणामुळे लांबला. तिथला नियम असा, की रजा संपून महिनाभर न आलेल्याने आपली जागा स्वतःच सोडली असं धरायचं. न्यायालयाने हे मान्य केलं नाही. सरकारने त्याला ‘तो आपणहून गेला’ असं कितीही म्हटलं, तरी शेवटी काढतं ते सरकारच, म्हणून आधी त्याला विचारायला हवं. ‘जयशंकर विरुद्ध राजस्थान राज्य’ हा तो निकाल. मला त्यात फार मोठी माणुसकी दिसते. माणूस गायब झाला म्हणून त्याला कागदावरूनही गायब करायची मुभा राज्याला नाही.

आता सातपुड्याच्या पायथ्याला या. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर; डोंगराकडच्या गावात प्राथमिक आरोग्य केंद्र, बाहेर ओसरीत तापाने फणफणलेलं पोर मांडीवर घेतलेली आई. ‘डाक्टर उना का?’ एवढंच ती विचारते. आतल्या खुर्चीवर कोणी नाही, पण कागदावर ती भरलेली आहे. नियमित नेमणूक झालेल्या माणसाचा पदावर धारणाधिकार असतो, आणि तो संपेपर्यंत ती जागा रिकामी धरून तिथे दुसऱ्याची कायमची नेमणूक करता येत नाही. न येणाऱ्या डॉक्टरची जागा अशी दोन्हीकडून अडते.

मग जळगावच्या नाहीतर धुळ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी सरळ काढून का टाकू नये? त्यांना तो अधिकारच नाही. गट ‘अ’च्या वैद्यकीय अधिकाऱ्याला नेमतं शासन, म्हणून बडतर्फीची फाइल मंत्रालयात जाते. वाटेत सहसा लोकसेवा आयोगाचं मतही घ्यावं लागतं.

माझ्या मते उशिराचा दोष कायद्यावर टाकणं चूक आहे. पंधराव्या दिवशी नोटीस काढायला कायदा कुठेच अडवत नाही. अडते ती फाइल, कोणाच्या तरी टेबलावर. आणि तिची किंमत त्या ओसरीतल्या आईला मोजावी लागते, याचा मला मनापासून संताप येतो.

नोटिशीचा प्रवासही पाहण्यासारखा. पाकीट शेवटच्या ज्ञात पत्त्यावर जातं आणि पोस्टमनचा शेरा घेऊन परत येतं: ‘घेण्यास नकार’, ‘दार बंद’, ‘पत्त्यावर आढळले नाहीत’. हे शेरे सारखे वाटले तरी कायद्याच्या नजरेत नाहीत. नकार दिला म्हणजे मिळाल्यासारखंच. आढळलाच नाही, तर मात्र दोषारोपपत्र पोचलं असं धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा पंचांसमक्ष दाराला डकवणं, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देणं, असं पायरीपायरीनं जावं लागतं.

समजा माणूस सापडला. तरी ‘आला नव्हता’ एवढं पुरत नाही. तो जाणूनबुजून आला नाही हे दाखवावं लागतं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेल्या गुजरातमधल्या एका प्रकरणात कर्मचाऱ्याचं म्हणणं असं होतं, की मी कामावर जात होतो, मला मस्टरवर सहीच करू दिली नाही. न्यायालय म्हणालं, गैरहजेरी हेतुपुरस्सर असल्याचं सिद्ध झाल्याशिवाय तिला गैरवर्तन म्हणता येणार नाही. आजारपण असेल, अपघात असेल, कोणी अडवलंही असेल. लाल शाईला हे काहीच कळत नाही.

या संरक्षणाची किंमत ते नसलेल्यांना विचारावी. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीला एसटीचा संप सुरू झाला, जळगाव आणि धुळे विभागांतही गाड्या आगारांत उभ्या राहिल्या. मागणी होती शासनात विलीनीकरणाची. राज्यभरात हजारोंच्या हातात बडतर्फीचे आदेश पडले आणि एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने २२ तारखेपर्यंत रुजू व्हायला सांगितल्यावर परतीची वाट मोकळी झाली. विलीनीकरणाची चर्चा पगाराभोवतीच फिरली. पण एसटी महामंडळाच्या नोकराला ३११ व्या अनुच्छेदाचं छत्र नाही. तो त्याच्या सेवानियमांच्या आसऱ्याने राहतो. विलीनीकरणात हे छत्रही दडलेलं होतं.

शेवटी, सगळ्या नोटिशी देऊनही कोणी आलं नाही, तर एकतर्फी चौकशी होते. तिलाही घाई चालत नाही. ठरलेल्या तारखेला चौकशी अधिकारी बसतात, समोर सादरकर्ता अधिकारी, साक्षीला मस्टर घेऊन आलेला लिपिक. एक खुर्ची मांडलेली, तिच्यावर कोणी नाही. ती रिकामी आहे म्हणून आरोप आपोआप खरा ठरत नाही. मस्टर पुराव्यात दाखल होतं, लिपिकाचा जबाब नोंदला जातो, सगळं शाबीत करावं लागतं. रोजनाम्यात ओळ पडते, ‘अपचारी कर्मचारी गैरहजर’. पुढची तारीख लिहिली जाते. आणि त्या दिवसाच्या कामकाजाची एक प्रत पाकिटात घालून पुन्हा त्याच बंद दाराच्या पत्त्यावर रवाना होते.