औषधाला न जुमानणारा रक्तदाब

सवला गरम पाण्याच्या कुंडावर अंगदुखीची, खाजेची माणसे आंघोळीला जातात. रक्तदाबाच्या तीन गोळ्या घेणाऱ्या एका काकांनी मला तिथेच विचारले, "भाऊसाहेब, या पाण्याने प्रेशर उतरेल का हो?" आजार बरा होणार नाही. उलट गोळ्या घेऊन फार वेळ पाण्यात बसलात तर उठताना चक्कर येईल.

वाचकहो, गोळ्या नेमाने घेऊनही दाब हटत नसेल, रक्तातले क्रिएटिनीन वाढत असेल, किंवा अचानक फुप्फुसात पाणी भरून दम लागत असेल, तर मूत्रपिंडाची रक्तवाहिनी अरुंद झाली आहे का, हे डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाला रक्त कमी पोचले की ते दाब वाढवणारा स्राव सोडते. गोल्डब्लाट यांनी १९३४ साली कुत्र्यांच्या या रक्तवाहिन्यांना चिमटा लावून दाब वाढतो हे दाखवले. डॉपलर सोनोग्राफीत याचा अंदाज येतो.

बंबात क्षार धरतात तसे या वाहिनीतल्या चरबीच्या थरात कॅल्शियम बसते. पानाच्या चुन्याने किंवा दुधाने हे होते म्हणून काही जण दूध सोडतात. तो निव्वळ गैरसमज! वय, मधुमेह, कोलेस्टेरॉल आणि विडी ही खरी कारणे.

मांडीतून बारीक नळी नेऊन फुग्याने वाहिनी रुंद करण्याचा उपाय ग्रुन्टझिग यांनी १९७८ मध्ये मांडला. पण थर दगडासारखा असला तर फुगा फुगत नाही, स्टेंट अर्धवट उघडतो, जोर केला तर वाहिनी फाटण्याची भीती. म्हणून आता खास फुग्यातून ध्वनिलहरींचे धक्के देऊन थराला आधी तडे पाडतात. १९८० पासून मुतखडा फोडतात, तीच युक्ती. मूत्रपिंडाच्या वाहिनीत मात्र हा अनुभव अजून थोड्याच रुग्णांचा आहे.

आणि स्टेंट सर्वांना लागतोच असे नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात नुसती औषधे आणि औषधांसह स्टेंट यांत एकंदरीत फरक दिसला नाही. दाब कशानेच आवरत नाही, फुप्फुसात वारंवार पाणी भरते, अशांचा विचार वेगळा. तेव्हा जमीन गहाण टाकण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या, महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे चौकशी करा. गोळ्या मात्र मनाने बंद करू नका.

काकांची डॉपलर पुढच्या आठवड्यात आहे. जुने रिपोर्ट पिशवीत भरून ठेवलेत. कुंडावर जाणे काही सुटलेले नाही.