जुन्या संगणकासाठी मोडेम निवडताना: ५६के नको, २४०० हवा

माझी एक मैत्रीण कृषी अर्थशास्त्रात पीएच.डी. करते. इतवारीतल्या एका धान्य व्यापाऱ्याच्या घरून तिला एक जुना ४८६ संगणक मिळाला. त्यात १९९६ ते १९९८ या काळातले तुरीचे रोजचे भाव होते. अकोल्याची पेढी ते भाव रोज रात्री नागपूरच्या पेढीला पाठवायची. इंटरनेटवरून नाही हं. व्हीएसएनएलनं इंटरनेट सर्वांसाठी १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू केलं, तेही आधी मोजक्या महानगरांत. इथे एका मोडेमनं थेट दुसऱ्या मोडेमला फोन लावायचा, फाईल पाठवायची आणि फोन ठेवायचा. रात्री उशिरा, कारण तेव्हा एसटीडीचा दर चतुर्थांश असायचा.

आता अडचण. त्या फाईलमध्ये काही दिवशी भाव अचानक कोसळतो आणि दुसऱ्या दिवशी परत जागेवर येतो. समजा आदल्या दिवशी १८४०, आज १०४०, उद्या पुन्हा १८५०. तिचं अख्खं एक प्रकरण भावांच्या चढउतारावर आहे. ही पडझड खरी असेल तर तोच तिचा निष्कर्ष. खोटी असेल तर प्रकरणातली निम्मी कोष्टकं रद्द. गाईड म्हणाले, "असे आकडे काढून टाक." पण काढायचे कोणत्या आधारावर? म्हणून ती माझ्याकडे आली. माझा विषय इलेक्ट्रॉनिक्स, आणि तिचा प्रश्न साधा होता: "अगं, फोनच्या लाईनमुळे आकडा बदलू शकतो का? या संगणकाला एखादा चांगला मोडेम लावून बघू या का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. संगणकात '८' हे अक्षर ००१११००० असं साठवलं जातं आणि '०' हे ००११०००० असं. फरक एका बिटचा. वाटेत ते एक बिट उलटलं की १८४० चे १०४० होतात. म्हणजे संशय रास्त होता.

घोळ दुसऱ्या प्रश्नातल्या 'चांगला' या शब्दात आहे.

आम्ही आधी बर्डीवर गेलो. दुकानदार म्हणाला, "मोडेम? आता कोण वापरते जी? राउटर घेऊन जा ना." चौथ्या दुकानात माळ्यावरून दोन-तीन खोकी निघाली. एकावर मोठ्ठ्या अक्षरात ५६के. मैत्रिणीचे डोळे चमकले. मी नाही म्हटलं.

का, ते सांगते. एक तर ५६के हा वेग मिळायला समोरचं टोक थेट डिजिटल लाईनवर असावं लागतं, जसं इंटरनेट कंपनीचं असायचं. दोन साधे मोडेम एकमेकांशी बोलतात तेव्हा मर्यादा ३३.६. पण हे तसं गौण आहे. खरी गोष्ट अशी की नव्या मोडेममध्ये चुकादुरुस्ती आपोआप चालू असते. व्ही.४२ नावाच्या मानकानुसार मोडेम माहितीचे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्याला तपासणीचा आकडा जोडतो, आणि तुकडा बिघडून पोचला तर परत मागवतो. लाईन कितीही खरखरली तरी फाईल स्वच्छ येते, फक्त उशिरा. असा मोडेम लावून आम्ही शंभर फायली पाठवल्या असत्या तर शंभरही बरोबर आल्या असत्या, आणि "लाईनमुळे आकडा बदलत नाही" असं आम्ही छातीठोकपणे लिहून मोकळ्या झालो असतो. चूक.

मग काय हवं होतं? जो मोडेम तेव्हा जसा वागला असेल तसाच आज वागेल, तो. आणि ते कळायला दुकानात नाही, संगणकात शोधावं लागतं. डिस्कची प्रत आम्ही आधीच काढून ठेवली होती (हे काम सगळ्यात आधी करा, जुनी डिस्क चालू करायच्याही आधी). त्यात संवादाच्या प्रोग्रामची सेटिंगची फाईल सापडली. तिच्यात चार गोष्टी स्पष्ट होत्या. वेग २४००. पॅरिटी नाही. फाईल पाठवायची पद्धत साधी मजकुराची, म्हणजे एक्समोडेम किंवा झेडमोडेमसारखी कुठलीही तपासणी नाही. आणि मोडेमला सुरुवातीला द्यायच्या आज्ञेत चुकादुरुस्ती बंद केलेली. बहुधा समोरच्या मोडेमशी ती जुळत नसावी. असं तेव्हा सर्रास करायचे.

त्याच आज्ञेत 'एक्स३' होतं. आपल्याकडचा डायल टोन ४०० हर्ट्झचा, त्यावर २५ हर्ट्झची थरथर. परदेशी बनावटीच्या बऱ्याच मोडेमना तो ओळखूच यायचा नाही आणि 'डायल टोन नाही' म्हणून ते हटून बसायचे. एक्स३ म्हणजे टोनची वाट बघू नको, नंबर फिरव. मला ही ओळ वाचून उगीच त्या पेढीवरच्या माणसाबद्दल आपुलकी वाटली. किती रात्री डोकं आपटल्यावर त्याला हे सापडलं असेल!

आता निवड सोपी झाली. संगणकात बसणारं पीसीआय कार्ड बाद: ४८६ मध्ये बहुधा तो स्लॉटच नसतो, शिवाय त्यातली बरीचशी कार्डं अर्धं काम विंडोजच्या ड्रायव्हरवर ढकलतात, डॉसमध्ये ती मुकी. यूएसबी बाद, कारण उघड आहे. उरतो बाहेरचा, सिरीयल पोर्टला लागणारा मोडेम, ज्याचं सगळं काम त्याच्या पोटातल्याच चिप करतात. तो नेमका २४०० चाच हवा असंही नाही. ३३.६ चा चालतो, फक्त त्याला २४०० वर बांधून ठेवता यायला हवं आणि चुकादुरुस्ती व संकोचन दोन्ही बंद करता यायला हवं. या आज्ञांची अक्षरं कंपनीगणिक बदलतात, म्हणून माहितीपुस्तिका असलेलाच मोडेम घ्या. अडॅप्टर तपासून घ्या: काही मोडेमना ९ व्होल्ट एसी लागतो, डीसी नाही, आणि पिन मात्र सारखीच दिसते. पोर्टमधल्या यूएआर्ट चिपची फार चर्चा होते. जुन्या ८२५० मध्ये एकाच बाइटची जागा, १६५५०ए मध्ये सोळा बाइटची रांग. मोठ्या वेगाला ते महत्त्वाचं. २४०० ला जुनीही पुरते.

आणि एक. तुम्हाला जुन्या संगणकातून नुसत्या फायली काढायच्या असतील आणि दोन्ही संगणक एकाच टेबलावर असतील, तर मोडेम घेऊच नका. नल मोडेम केबल घ्या, किंवा सरळ डिस्क काढून वाचा. आम्हाला फायली नको होत्या. आम्हाला चूक हवी होती.

लाईनचा प्रश्न राहिला. घरोघरीचे फोन आता फायबरवरून येतात, आवाजाची पाकिटं होऊन. त्यावर मोडेम अडखळतो, पण ते अडखळणं १९९७ च्या तांब्याच्या तारेसारखं नसतं. म्हणून विभागातला जुना ईपीएबीएक्स घेतला, दोन एक्स्टेन्शनना दोन मोडेम जोडले, आणि एका बाजूला समांतर फोन लावला. ज्यांच्या घरी डायल-अप होतं त्यांना आठवेल, कुणी दुसऱ्या खोलीत रिसीव्हर उचलला की काय व्हायचं. आम्ही तो मुद्दाम उचलत होतो, हूक टिचक्या मारून हलवत होतो.

इथे मला जे दिसलं ते मी आधीच कागदावर काढायला हवं होतं. २४०० चा मोडेम व्ही.२२बिस मानकावर चालतो: सेकंदाला ६०० संकेत, दर संकेतात ४ बिट. पाठवण्याआधी तो बिटांची मुद्दाम सरमिसळ करतो, म्हणजे एकसारख्या बिटांची लांब रांग तारेवर जाऊ नये. पलीकडचा मोडेम ती सरमिसळ सोडवतो, आणि सोडवताना प्रत्येक बिट १४ आणि १७ जागा आधीच्या बिटांशी ताडून बघतो. त्यामुळे तारेवर एक बिट चुकलं तर बाहेर तीन चुकतात: ते स्वतः, चौदावं आणि सतरावं. एक अक्षर सुरुवात-शेवटाच्या बिटांसकट १० बिटांचं. म्हणजे लाईननं '८' चा '०' केला, तर पुढच्या एकदोन अक्षरांतही खरकटं सांडलेलं दिसायला हवं. आमच्या टेबलावर तसंच झालं. शेजारी कचरा नसलेला, एकटाच बदललेला अंक आम्हाला एकदाही मिळाला नाही.

मग तिची मूळ फाईल उघडली. काही संशयित नोंदींच्या शेजारी चिन्हांचा कचरा होता. त्या लाईनच्या खात्यात. पण बाकीच्यांच्या आजूबाजूचा मजकूर अगदी स्वच्छ. त्यांचा दोष लाईनवर टाकता येत नाही. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी ८ च्या जागी ५ किंवा ४ च्या जागी १ होता. कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीत ५ हा ८ च्या बरोबर खाली असतो, आणि १ हा ४ च्या खाली. बिटांच्या हिशेबात मात्र ८ आणि ५ मध्ये तीन बिटांचा फरक. अकोल्याच्या दमलेल्या बोटाचा संशय तिथे बळावतो. अर्थात नागपूरच्या टोकाला कुणी कचरा पुसून फाईल नीट केली असेल, ही शक्यता उरतेच. ती आम्ही लिहून ठेवली आहे.

दोन नोंदी यांपैकी कशातच बसत नाहीत. शेजार स्वच्छ, बोट घसरल्याची खूण नाही, भाव मात्र खरंच पडलेला. त्या तिनं काढलेल्या नाहीत. आता ती त्या दोन तारखा घेऊन वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींत बाजारभावाची पानं शोधते आहे. मोडेमचे दोन्ही डबे माझ्या टेबलावर आहेत. नागपुरात कुणाला अशीच चूक पुन्हा घडवून बघायची असेल तर येऊन घेऊन जा, अडॅप्टरसकट.