रिबकेला विचारलं होतं

नागपुरात सदरपासून सेमिनरी हिल्सपर्यंत कोणत्याही ख्रिस्ती घरात मुलगी लग्नाची झाली की दोन कामं बरोबरीनं सुरू होतात. बायोडेटा तयार होतो आणि घरोघरच्या प्रार्थनासभेत विनंत्यांच्या यादीत तिचं नाव जातं. ‘प्रभूनं योग्य स्थळ दाखवावं’ एवढीच ती विनंती. शेजारच्या घरी पत्रिका जुळवतात, गुण मोजतात, मुहूर्त काढतात. इथे यातलं काही नाही. मग देव दाखवतो म्हणजे नेमकं काय दाखवतो, आणि कोणाला? मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले तेव्हापासून इथल्या मंडळ्या या प्रश्नाशी झगडत आल्या आहेत. मराठी ख्रिस्ती समाज तर त्याच्याही आधीपासून.

यावर बोलणाऱ्यांचे हल्ली दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, देव प्रत्येकासाठी एकच माणूस नेमून ठेवतो; स्वप्न, वचन किंवा संदेश यांतून तो ओळखायचा, आणि चुकलात तर जन्माचं नुकसान. दुसऱ्या तटातली मंडळी स्वतःला अभ्यासक म्हणवतात. त्यांच्या मते ख्रिस्ती घरांतली ठरवून केलेली लग्नं म्हणजे जुनीच चाल, फक्त भटजींच्या जागी पाळकसाहेब. या दोन्ही बाजूंनी आपल्याच समाजाचे जुने कागद उघडून पाहिलेले नाहीत. त्या कागदांतून तिसरीच वाट दिसते, आणि प्रस्तुत लेखक गेली कित्येक वर्षं तिचीच बाजू मांडत आला आहे. ती वाट अशी : प्रार्थना करावी, माणसाची पारख करावी, चार वडीलधाऱ्यांसमोर गोष्ट मांडावी, आणि सगळं जुळल्यावरही मुलीला विचारावं. तिचं उत्तर येईपर्यंत देवाची इच्छा कळली असं कोणी म्हणू नये.

याचा आधार उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात आहे. तो अध्याय लग्नाच्या उपदेशात सगळेच वाचतात, पण बहुतेक जण विहिरीपाशी थांबतात. अब्राहामाचा कारभारी धन्याच्या मुलासाठी मुलगी शोधायला दहा उंट घेऊन नाहोराच्या नगरापाशी येतो आणि खूण मागतो : जी मुलगी मला पाणी देईल आणि ‘उंटांनाही पाजते’ म्हणेल, तीच. खुणेवर भर देणाऱ्यांनी इथे उंटांचा हिशेब करावा. तहानलेला उंट एका वेळी शंभर लिटरच्या आसपास पाणी पिऊन जातो. असे दहा उंट, आणि खांद्यावर एक घागर. पाणी द्यायला पुढे आलेली रिबका विहिरीवर किती वेळा उतरली आणि चढली असेल! कारभाऱ्यानं मागितलेली खूण आभाळातली नव्हतीच. अनोळखी वाटसरूसाठी कष्ट उपसणारी मुलगी त्याला हवी होती, आणि ती पाणी भरत असताना तो गप्प राहून तिला न्याहाळत होता. पुढे तिचा भाऊ आणि बाप दोघेही कबूल करतात की ही गोष्ट परमेश्वराकडूनच आली. देवाचा कौल मिळाला, घरच्यांची पसंती झाली, दागिने दिले गेले. तरी दुसऱ्या दिवशी घरचे म्हणतात, मुलीला बोलवा, तिलाच विचारू. ती ‘जाते’ म्हणते, आणि मगच उंट उठतात. हा शेवटचा भाग वगळून जो उपदेश होतो तो अपुरा आहे.

याच्या शेजारी आपल्या मातीतला दुसरा पाणवठा ठेवून पाहावा. पंडिता रमाबाईंनी ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या १८८७ च्या पुस्तकात एक हकिकत दिली आहे. यात्रेला निघालेला एक गृहस्थ गोदावरीकाठी उतरतो. तिथे स्नानाला आलेला एक देखणा विद्वान त्याला भेटतो. जात, कूळ, गाव विचारून होतं, आणि तो आपली नऊ वर्षांची मुलगी त्याला देऊ करतो. दुसऱ्या दिवशी लग्न लागतं आणि बाप पुढच्या वाटेला लागतो. ती मुलगी म्हणजे रमाबाईंची आई लक्ष्मीबाई आणि तो विद्वान म्हणजे अनंतशास्त्री डोंगरे. मुलगी चांगल्या हाती पडली हे तिचं नशीब. अनंतशास्त्रींनी तिला संस्कृत शिकवलं, आणि त्यासाठी लोकांचा रोष पत्करला. पण नदीकाठी तिला कोणी काही विचारलं नव्हतं. रमाबाईंनी स्वतः १८८० साली बिपिनबिहारी मेधावींशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं, जात आणि प्रांत दोन्ही ओलांडून. तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. दीड-दोन वर्षांत पतीचं निधन झालं, आणि त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा, १८८३ चा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात हिंडल्या आणि शेकडो निराधार मुली घेऊन परतल्या. नागपूरकरांनी हे विसरू नये. त्या मुलींपैकी अनेकींनी पुढे संसार थाटले. शिकलेली, हाताला काम असलेली मुलगी ‘नको’ म्हणू शकते. रमाबाईंच्या मुक्ती मिशननं दिलेलं सर्वांत मोठं मार्गदर्शन हेच, असं या लेखकाचं ठाम मत आहे.

पहिल्या ख्रिस्ती पिढीचा पेच वेगळा होता. बाप्तिस्मा घेतला की घरचे जिवंतपणी घट फोडून मोकळे होत. ज्याला भाऊबंद उरले नाहीत त्याला स्थळ कोण आणणार? मिशनचं आवार हेच मग त्याचं माहेर आणि सासरही. वसतिगृहाची मेट्रन, बायबलबाई आणि पाळक यांनी सोयरिकी जुळवल्या. ज्यांचं आधीच लग्न झालेलं होतं त्यांची अडचण याहून बिकट. नवरा ख्रिस्ती झाला आणि बायको माहेरी निघून गेली, तर पुढे काय? त्यासाठी १८६६ साली धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा आला. त्यातलं एक कलम फार बोलकं होतं. सोबत न राहणाऱ्या जोडीदाराला न्यायालयानं विचारायचं, आणि तो नाही म्हणाला तर निकाल न देता वर्षभर थांबायचं. वर्षानंतर पुन्हा विचारायचं. सरकारी कायद्यालाही इथे घाई मान्य नव्हती.

नारायण वामन टिळकांनी त्या कायद्याचा दरवाजा ठोठावला नाही. टिळक नागपुरात बुटींकडे कामाला होते. १८९३ साली राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाशी त्यांची गाठ पडली, आणि त्यानं हाती ठेवलेल्या नव्या करारानं पुढचं सारं घडलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी विचारलं नव्हतं, आणि त्याचं दुःख त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राच्या पानापानात आहे. पण या लेखाच्या दृष्टीनं महत्त्वाची आहेत ती त्यानंतरची वर्षं. टिळकांनी दुसरं लग्न केलं नाही. दुरावलेल्या लक्ष्मीबाई परत आल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. नवऱ्याजवळ राहूनही काही काळ त्यांनी आपलं सोवळं सांभाळलं, आणि टिळकांनी ते सांभाळू दिलं. एकाच संसारात एक वेदी आणि एक देव्हारा! जात माणसानं केली, देवानं नाही, ही गोष्ट लक्ष्मीबाईंना आपली आपणच उमगली, त्यांच्या स्वतःच्या विचारातून. मग १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

अकरा-बारा वर्षांच्या मनकर्णिकेचं, म्हणजे माहेरच्या लक्ष्मीबाईंचं, लग्न वडीलधाऱ्यांनी लावलं होतं. तिशी ओलांडलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याच माणसाला दुसऱ्यांदा, आणि या वेळी स्वतः, निवडलं. जोडीदार शोधण्यात देवाचा हात कसा असतो हे मराठीत ज्याला वाचायचं आहे त्यानं परदेशी लेखकांची भाषांतरं बाजूला ठेवून ‘स्मृतिचित्रे’ वाचावं. १९३४ पासून भागाभागानं आलेलं हे पुस्तक शाळेच्या धड्यांतून सर्वांना भेटतं ते विनोदी प्रसंगांपुरतं. विक्षिप्त नवरा आणि हजरजबाबी बायको एवढीच ओळख उरते. टिळक दांपत्याच्या घरी अनाथ मुलं वाढली, बालकवी राहून गेले, माणसांचा राबता कधी थांबला नाही. विश्वासानं जोडलेला संसार कसा दिसतो हे त्या स्वयंपाकघरात दिसतं. उपदेशाच्या पुस्तकात ते सापडणार नाही.

आणखी एक नाव मराठी वाचकांनी जवळजवळ गमावलं आहे. कृपाबाई खिस्ती, अहमदनगरच्या हरिपंत आणि राधाबाई या ब्राह्मण ख्रिस्ती दांपत्याची मुलगी. १८७८ मध्ये वैद्यकी शिकायला ती मद्रासला गेली आणि रेव्हरंड सत्यनाधन यांच्या घरी राहिली. तब्येतीनं शिक्षण सुटलं, पण त्या घरातल्या सॅम्युएलशी तिचा स्नेह जुळला आणि १८८१ मध्ये लग्न झालं. मराठी मुलगी, तमिळ घर! तिची ‘सगुणा’ ही इंग्रजी कादंबरी बरीचशी तिच्याच आयुष्यावर आहे. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ची (१८५७) नायिकाही वैधव्यानंतर ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. म्हणजे मराठीतली पहिली कादंबरीच विधवेच्या निवडीपाशी जाऊन संपते. आपल्या तरुण संघांच्या शिबिरांत या दोघींचं नाव कधी निघत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगून पुढे जाऊ. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानं सूचना, नोंदवही, साक्षीदार ठरवून दिले. काही अपवाद सोडले तर लग्न सकाळी ६ ते संध्याकाळी ७ याच वेळात लावायचं. कॅथलिक मंडळींची चौकट स्वतंत्र आहे. त्यांच्याकडे विवाहपूर्व शिबिर आहे, माहीमच्या बुधवारच्या नोवेनाला लग्नासाठी विनंतीची पत्रं आहेत, आणि त्यांच्या बायबलात टोबीतचा ग्रंथ आहे. त्यात तोबियाला सारेकडे नेणारा वाटाड्या राफाएल देवदूत निघतो, आणि लग्नाच्या पहिल्या रात्री दोघं आधी प्रार्थना करतात. प्रॉटेस्टंट घरांतही ही गोष्ट सांगितली जावी इतकी ती सुंदर आहे.

खुणांच्या मागे लागणाऱ्यांनी एक जुनं उदाहरण नजरेसमोर ठेवावं. मेथडिस्ट चळवळीचे जनक जॉन वेस्ली १७३७ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात सोफी हॉपकी या मुलीशी लग्न करावं की नाही या विवंचनेत होते. तीन चिठ्ठ्या केल्या. एकीवर लग्न कर, दुसरीवर यंदा विचार नको, तिसरीवर पुन्हा विचारच नको. तिसरी निघाली. थोड्याच दिवसांत सोफीनं दुसऱ्याशी लग्न केलं, वेस्लींनी तिला प्रभुभोजन नाकारलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि वर्ष संपायच्या आत त्यांना वसाहत सोडावी लागली. या सगळ्यात सोफीला काय वाटतं हे चिठ्ठीनं विचारलं नव्हतं. जर्मनीतले मोरेव्हियन लोक तर अख्ख्या समाजाची लग्नं चिठ्ठीनं ठरवत. पुढे त्यांनीच ती पद्धत मोडीत काढली. गिदोनानं लोकर पसरली ती लढाईसाठी, सोयरिकीसाठी नव्हे. अलीकडे १९८० मध्ये गॅरी फ्रीसन या अमेरिकी लेखकानं ‘एकच नेमलेला माणूस’ ही कल्पना शास्त्राधारे खोडून काढली, तेव्हा तिकडे मोठा गहजब झाला. मराठी मंडळ्यांतल्या जुन्या पाळकांना त्यात नवल वाटलं नसतं.

त्या पाळकांची रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती विसरता येणार नाही. वेस्ट्रीत लाकडी टेबल, त्यावर लांबरुंद नोंदवही, शाईची दौत. मुलाचा बाप्तिस्म्याचा दाखला आणि त्याच्या मंडळीच्या पाळकाचं पत्र आधी यायचं. मग पाळकसाहेब मुलीच्या आईवडिलांना बाहेर बसवायचे आणि पाळकबाई मुलीशी आत बोलायच्या. घरून काही दबाव आहे का, मुलगा दारू पितो का, देण्याघेण्याचं काही ठरलंय का. हे झाल्यावरच रविवारच्या उपासनेत नावं वाचली जायची, ओळीनं तीन रविवार. कोणाची हरकत असेल तर त्यानं उठून सांगावं म्हणून. सबंध मंडळी त्या मार्गदर्शनात सामील होती. २९ नोव्हेंबर १९७० ला सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली. तेव्हा नागपुरातल्या अनेक घरांना वाटलं की आता स्कॉटिश मिशनचं घर आणि इंग्लिश चर्चचं घर हा भेद सोयरिकीत उरणार नाही. तेवढं बरंचसं साधलंही.

जात मात्र उरली. याबद्दल बोललं की माणसं नाराज होतात, तरी बोललं पाहिजे. दीक्षाभूमीच्या शहरात राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला तर गप्प राहण्याची मुभाच नाही. महिनोन्महिने उपास-प्रार्थना होतात, आणि देवाचं उत्तर दर वेळी आपल्याच पोटजातीत, आपल्याच भाषेत आणि पगाराच्या ठरावीक आकड्याच्या वरच कसं येतं? मराठी, तेलुगू, मल्याळी, तमिळ, छत्तीसगढी ख्रिस्ती घरं ज्या शहरात एकाच रस्त्यावर राहतात तिथे कृपाबाईंसारखी लग्नं आज दीडशे वर्षांनंतरही बोटांवर मोजावी लागतात. हुंड्याला ‘प्रेमाची भेट’ म्हटलं तरी तो हुंडाच राहतो. या दोन गोष्टी प्रार्थनेच्या आड लपवणं हे देवाचं नाव व्यर्थ घेणंच आहे.

गेल्या काही वर्षांत याहून वाईट चाल रुजली आहे. मोठ्या सभांतून, आता फोनवरूनही, कोणी तरी सांगतो की अमक्या मुलीसाठी अमका मुलगा प्रभूनं दाखवला. मुलगा स्वतःच येऊन ‘मला वचन मिळालं’ म्हणतो. चोवीस-पंचवीस वर्षांची शिकलेली मुलगी देवाला नाही कसं म्हणणार? ती होकार देते, आणि चार वर्षांनी तीच मुलगी समुपदेशनाच्या खोलीत बसलेली असते. तिच्यावर हे लादणारा माणूस तोवर दुसऱ्या सभेत दुसऱ्या मुलीचं नाव घेत असतो. नावं वाचण्याची रीत अनेक ठिकाणी उरकण्यापुरती राहिली, पाळकांच्या बदल्या वाढल्या, मुलगी नोकरीला पुण्यात आणि मुलगा आखातात. मंडळीला दोघांचीही ओळख नाही. अशा वेळी पारख कोण करणार?

म्हणून नागपुरातल्या सर्व मंडळ्यांच्या पाळकांना आणि पंचांना एक साधी विनंती. लग्नाची पहिली सूचना वाचण्याआधी मुलीशी एकटीशी, घरच्यांना बाहेर ठेवून, एका जाणत्या बाईनं बोलावं आणि तसं बोलणं झाल्याची नोंद वहीत करावी. ‘प्रभूनं दाखवलं’ असं म्हणणाऱ्यानं ते आधी वडील मंडळींसमोर सांगावं, मुलीसमोर नव्हे. आणि तिनं नाही म्हटलं तर सूचना वाचू नये. येत्या नाताळानंतरच्या लग्नसराईपासून हे सुरू करता येईल. त्यासाठी ठराव लागत नाही की वरिष्ठांची परवानगी.