गाठीतला बदल आणि खानदानी आजार

मुलीचा रिश्ता ठरत आला की तिच्या अब्बांच्या कॅन्सरची गोष्ट घरात हळू आवाजात बोलली जाते. त्यातच मुंबईहून आलेल्या रिपोर्टात ‘जीन’ हा शब्द असला, तर आजार खानदानी असल्याचे गृहीतच धरतात. अमरावती-अकोल्याकडे आम्ही हे पुष्कळ वेळा ऐकतो. म्हणून हा रिपोर्ट तयार कसा होतो, ते आधी पाहू.

गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून नंतर पॅराफिन मेणात बसवतात. मेणाच्या या वडीला ‘ब्लॉक’ म्हणतात. तिचे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतके पातळ काप घेऊन पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरचा भाग हेरतात. त्या भागातून डीएनए काढून यंत्रावर वाचतात. पण डीएनएमध्ये माणसामाणसांत फरक असतोच. मग जन्मजात फरक कोणता आणि बिघाड कोणता? त्यासाठी त्याच रुग्णाचे रक्तही वाचतात. जो बदल गाठीत आहे पण रक्तात नाही, तो जन्मानंतर त्या गाठीत झालेला. तो मुलाबाळांत उतरत नाही.

खारघरचे टाटा मेमोरियलचे अ‍ॅक्ट्रेक केंद्र आणि पश्चिम बंगालमधील कल्याणीची जीनोमिक्स संस्था यांच्या पथकाने गाल-हिरड्यांच्या कॅन्सरचा असाच अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध केला. आधी 50 रुग्ण, मग पडताळ्यासाठी आणखी 60. टीपी 53, कॅस्प 8, नॉच 1 अशा जनुकांत बदल पुन्हा पुन्हा आढळले. आता हा कॅन्सर वऱ्हाडात कुठून येतो, ते कोणत्याही पानठेल्यावर खर्रा घोटताना दिसते. (गुटख्यावर बंदी 2012 पासून आहे म्हणे!) तिथे खानदानाला दोष कशाला?

मात्र स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये काही घरांत बीआरसीए जनुकातला बदल जन्मजात असतो. गाठीच्या तपासणीत तो दिसला, तर डॉक्टर रक्ताची वेगळी तपासणी सुचवतात. ती टाळू नये; बहिणींना, मुलींना वेळेवर तपासण्या सुरू करता येतात. हा बदल मुलींइतकाच मुलांतही उतरतो. मुलीकडच्यांनाच प्रश्न विचारणाऱ्यांना हे सांगावेच लागते.

मुंबईला किंवा नागपूरला जाताना बायोप्सी केलेल्या लॅबमधून स्लाइडबरोबर ब्लॉकही मागून घ्यावा. पुढची जनुक तपासणी बहुधा त्याच्यावरच होते, आणि नाही नेला तर पुन्हा तुकडा काढण्याची वेळ येऊ शकते. मे महिन्यात अकोल्याच्या उन्हात उभ्या गाडीत मात्र तो ठेवू नये. शेवटी ते मेणच आहे.