कुंडीत माती? आमरी म्हणते, नको गं बाई!

हौसेने आणलेलं ऑर्किड महिन्याभरात का मेलं, याचं उत्तर बहुतेक घरांत एकच असतं: लाडाने. माझ्या पहिल्या ऑर्किडला, फॅलेनॉप्सिसला, मी लाल माती, वर मूठभर शेणखत आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी असा जावयाचा पाहुणचार केला. पानं लोळली तेव्हा उपटून पाहिलं. मुळाची साल बोटांत धरताच मोज्यासारखी निसटून आली आणि मागे उरला नुसता दोरा.

या झाडाने जन्मात माती पाहिलेली नसते, ही गंमत तेव्हा ठाऊक नव्हती. ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात, आणि तिच्या बहुतेक जाती राहतात झाडांच्या फांद्यांवर. आपली सीतेची वेणीही तशीच. (आसाममध्ये तीच कोपौ फूल होते आणि बिहूला केसांत माळली जाते.) खेड्यात तिला सरसकट बांडगूळ ठरवून मोकळे होतात, पण तो अन्याय आहे. बांडगूळ यजमानाच्या फांदीत घुसून त्याचा रस ओढतं. आमरी फक्त जागा वापरते. भाडं देत नाही हे खरं, पण जेवते स्वतःचं.

तो निसटलेला मोजा म्हणजे मेलेल्या पेशींचा स्पंज. धावत्या सरीतलं पाणी तो झटकन टिपतो. कोरडा असताना चंदेरी, भिजला की हिरवा. म्हणजे पाणी कधी घालायचं ते झाडच सांगतं, फक्त कुंडी पारदर्शक हवी. मुळं हिरवी दिसत असतील तर तांब्या खाली ठेवा.

मग कुंडीत भरायचं काय? यादी घेऊन निघालात तर लोकांना वाटेल घराचं बांधकाम काढलंय: विटांचे तुकडे, लाकडी कोळसा, नारळाची सोडणं. सोडणं दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवायची, म्हणजे त्यांतला क्षार आणि तांबडा रंग निघून जातो. युरोपातल्या काचघरांत पूर्वी ऑस्मुंडा नावाच्या नेच्याच्या मुळांचा काथ्या चालायचा, पुढे झाडाची साल आली, मग न्यूझीलंड-चिलीचं स्फॅग्नम शेवाळ. आपल्या पावसाळ्यात शेवाळ जपून वापरावं. ते पाणी सोडायला तयारच नसतं. थायलंडमध्ये तर डेंड्रोबियम आमरीचे वाफेच्या वाफे सोडणांवर उभे असतात. लग्नाच्या स्टेजवर दिसणारं जांभळं-पांढरं ‘सोनिया’ त्यातलंच.

खताला वेगळी पुडी शोधू नका. कृषी केंद्रात मिळणारं विद्राव्य १९:१९:१९ चालतं, पण लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आणि आधी मुळं साध्या पाण्याने भिजवून. फांदीवर राहणाऱ्याला मेजवानीची सवय नसते. बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीवर पांढरी खपली धरते आणि मुळांची टोकं काळी पडतात. अंगणात बादली ठेवा, पावसाचं पाणी फुकट आहे.

खरी करामत बियांची. एका बोंडात लाखो बिया, धुळीसारख्या, पण एकीजवळही शिदोरी नाही! रुजण्यासाठी त्यांना बुरशी लागते, हे १८९९ मध्ये नोएल बर्नार या तरुण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने ओळखलं. १९२२ मध्ये अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या लुईस नडसननी त्यापुढे जाऊन दाखवलं, की अगारच्या जेलीत साखर आणि क्षार घातले तर बुरशीवाचूनही बी रुजतं. त्यानंतर प्रयोगशाळेचं पार स्वयंपाकघर झालं. पिकलेलं केळं, बटाटा, टोमॅटोचा रस, नारळपाणी, सगळं बी रुजवायच्या बाटलीत पडू लागलं. नारळपाण्यात पेशींना वाढायला लावणारी संप्रेरकं असतात. १९६० मध्ये जॉर्ज मोरेल यांनी सिम्बिडियम आमरीच्या कोंबाच्या टोकापासून रोपं केली, तीही मुळात झाड विषाणूमुक्त करायला. त्यातून एकाची हजारो करण्याची वाट सापडली. श्रीमंतांचं फूल नर्सरीच्या फळीवर आलं ते असं.

कधी कधी मात्र झाड बाटलीशिवायच पिल्लू काढतं, थेट फुलाच्या दांड्यावर. त्याला जगभर ‘केकी’ म्हणतात. मोरोपंतांच्या ‘केकावली’शी याचा काही संबंध नाही, हवाई बेटांच्या भाषेत केकी म्हणजे मूल. मुळं बोटभर झाली की कापून वेगळं लावायचं.

आणि फुलं? फॅलेनॉप्सिसला दांडा काढायला काही आठवडे गारवा लागतो. माझं दुसरं झाड, कोळसा-विटांवरचं, दोन वर्षं नुसती पानं दाखवत होतं. डिसेंबरात हॉलमधून उचलून उत्तरेच्या खिडकीबाहेरच्या ग्रिलमध्ये ठेवलं आणि पानाच्या बगलेतून हिरवं नाक बाहेर आलं. फुलं गळून गेली तरी दांडा मी कापला नाही. आता त्यावर एक केकी आहे: दोन पानं, तीन मुळं. सगळ्यात लांब मूळ नखाएवढं. रोज मोजते.