धावपट्टीचा झालेला रस्ता

शारजातला किंग अब्दुल अझीझ रस्ता नाकासमोर सरळ जातो. सुट्टीच्या दिवशी मुलाला घेऊन मी त्याच रस्त्याने ‘अल महट्टा’ संग्रहालयात जातो आणि त्याला सांगतो, “अरे, आपण धावपट्टीवरून चाललोय.” हे अगदी खरं आहे. १९७७मध्ये नवा विमानतळ सुरू होईपर्यंत इथे विमानं उतरत होती. पुढे शहर वाढलं, धावपट्टीचा रस्ता झाला आणि जुन्या विमानतळाच्या इमारतीत २०००मध्ये संग्रहालय आलं.

मी इथे विमानांच्या देखभालीचं काम करतो. पण उडण्याचा पहिला धडा मला जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या कपाशीत मिळाला. पाठीवर पंप घेऊन औषध मारायला निघालो की अण्णा सांगायचे, “आधी वारा पडू दे. आणि पानाच्या खालून मार, कीड तिथेच बसते.” पुढे फवारणीच्या विमानांविषयी वाचलं, तेव्हा कळलं की वैमानिकाची अडचणही हीच असते.

विमानातून औषध टाकण्याचा पहिला प्रयोग ३ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात झाला. जॉन मॅक्रेडी या लष्करी वैमानिकाने कर्टिस जेनी विमानातून अळ्या पडलेल्या झाडांवर विषारी भुकटी सोडली. जेनी हे दुपंखी विमान होतं. एक पंख वर, एक खाली, मध्ये दांड्या आणि तारा. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूझीलंडमध्ये टायगर मॉथ ही दुपंखी विमानं कुरणांवर खत टाकू लागली. १९४७मध्ये सोव्हिएत संघात शेती आणि जंगलाच्या कामासाठी अंतोनोव्ह एएन-२ उडालं. जेट विमानांचा जमाना आला तरी हे दुपंखी विमान बनतच राहिलं, अठरा हजारांच्या वर.

शेतीला दोन पंख का मानवले? पंखांचं क्षेत्रफळ जितकं जास्त, तितक्या कमी वेगातही विमान हवेत तरतं. दोन पंख एकावर एक बसवून दांड्या-तारांनी जखडले की हलक्या सांगाड्यात भरपूर क्षेत्रफळ मिळतं. त्याच तारा हवेला अडवतात, म्हणून वेग मिळत नाही. पण पिकाच्या डोक्यावरून जाताना वेग हवा असतो कुणाला? विमान सावकाश आणि खालून गेलं की पंखांखालून रेटली जाणारी हवा औषध पिकात आतवर ढकलते. शिवाय अशा विमानाला बांधाकडेचं मातीचं छोटं मैदानही पुरतं.

याच गुणामुळे शारजाला विमान मिळालं. लंडनहून हिंदुस्थानात टपाल नेणाऱ्या इंपिरियल एअरवेजची विमानं आधी आखाताच्या इराणी किनाऱ्याने जात. इराणने ती वाट बंद केल्यावर कंपनी अरबी किनाऱ्याकडे वळली. शारजाचे शेख सुलतान बिन सक्र अल कासिमी यांनी १९३२मध्ये करार करून जागा दिली. तो काळ इथे हलाखीचा होता. जगभरची मंदी आणि जपानचे संवर्धित मोती यांनी आखाताचा मोत्यांचा धंदा बसवला होता. तो धंदा मुख्यतः मुंबईच्या बाजारावर चालायचा आणि इथलं चलनही आपला रुपयाच होता.

५ ऑक्टोबर १९३२ रोजी इथल्या वाळूवर इंपिरियलचं पहिलं विमान उतरलं. हँडली पेज एच.पी.४२ जातीचं हे दुपंखी विमान. पंखांचा पसारा जवळजवळ चाळीस मीटर, चार इंजिनं, दोन वरच्या पंखावर आणि दोन खालच्या. वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास. एवढ्या वेगात लंडन ते कराची एका दमात कसं व्हावं? इंधन भरायला वारंवार उतरावं लागे, प्रवाशांना रात्रीचा मुक्काम करावा लागे. म्हणून शारजात किल्ल्यासारखं विश्रामगृह उभं राहिलं. विमान सावकाश होतं म्हणून शारजा थांबा झाला. ते पहिलं विमान उतरलं त्यानंतर दहाच दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपाल आणलं. इंपिरियलने कराचीपर्यंत पोचवलेली पत्रं तिथून पुढे टाटांच्या विमानाने देशात येऊ लागली.

या जातीची विमानं आठच बनली. १ मार्च १९४० रोजी त्यांतलं ‘हॅनिबल’ इराणमधल्या जास्कहून शारजाकडे निघालं आणि ओमानच्या आखातावर नाहीसं झालं. विमानात आठ जण होते. त्यांत मद्रास प्रांताचे नेते सर ए. टी. पन्नीरसेल्वम होते. विमानाचा पत्ता आजवर लागलेला नाही. बाकीची सातही गेली. पाहायला एकही उरलं नाही. मुलाने एकदा विचारलं, “मग हॅनिबल कुठे ठेवलंय?” मला त्याला रस्ताच दाखवावा लागला.

म्हणून मला वाटतं, इथे राहणाऱ्या प्रत्येक मराठी घराने एकदा तरी अल महट्टाला जावं. मुंबईचं विमान आपल्याला तीन तासांत इथे आणतं. पण आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातली पत्रं याच वाळूवर उतरून पुढे गेली.

मागच्या हिवाळ्यात अण्णा आले होते. संग्रहालयाबाहेर त्यांना सगळी हकीकत सांगितली. ते ऐकत राहिले. मग खाली वाकले, फुटपाथच्या कडेची चिमूटभर वाळू उचलली आणि कपाशीत औषध मारण्याआधी माती सोडतात तशी बोटांतून सोडली. वाळू किनाऱ्याच्या उलट दिशेला गेली. “वारा समुद्राकडून आहे,” ते म्हणाले, “म्हणजे विमान या अंगाने उतरत असणार.” आणि त्यांनी रस्त्याकडे हात केला.